माळाला माळच राहू द्या

जून उजाडला की आपल्याकडं रोपांनी भरलेल्या ट्रॉल्या माळावर निघतात. टोप्या, बॅनर, एका खड्ड्याभोवती दहाजण आणि फोटो. हेतू चांगलाच, त्यावर वाद नाही. पण गवताळ माळ दिसला की "किती ओसाड पडलंय हो" म्हणत कुदळ उचलायची, हे मला अजिबात पटत नाही. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

शाळेच्या भूगोलात सव्हाना म्हणजे आफ्रिका, सिंह, जिराफ, गोरखचिंच. विषय संपला. पण सव्हाना ओळखायचा तो हवामानावरून आणि गवतावरून. बाराही महिने उबदार हवा, काही महिने झोडपणारा पाऊस, मग लांबलचक कोरडा काळ, आणि सलग गवतात विखुरलेली झाडं. ब्राझीलचा सेराडो हाच. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले-शिरोळकडचे उरलेसुरले माळही त्याच कुळातले. देशातली बरीच पानझडी जंगलं खरं तर सव्हानाच आहेत, असं जयश्री रत्नम आणि महेश शंकरन हे बंगळुरूचे संशोधक कितीतरी वर्षं मांडताहेत. आमच्या सरकारी कागदांवर मात्र माळ अजूनही 'पडीक'!

आपला जिल्हा तर अजबच. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पश्चिमेला मसाई पठारासारखी जांभ्याची सपाटी. पावसानं लाखो वर्षं खडकातली सिलिका, चुना धुऊन नेला, मागं लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. म्हणून दगड लाल, म्हणूनच राधानगरी-शाहूवाडीत बॉक्साइट. त्या कातळावर माती बोटभर, कुठं तीही नाही. ऑगस्टमध्ये चिखल, एप्रिलमध्ये तापलेला तवा. आणि अशा जागी गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात. माती इतकी दरिद्री की सीतेची आसवं आणि दवबिंदू नावाचं रोपटं पोषणासाठी चक्क किडे पकडून खातात. तिथं जेसीबीनं खड्डे पाडून वड-पिंपळ लावणाऱ्याला काय म्हणावं?

कुसळ तर सगळ्यांना माहीत आहे, मोज्यात घुसतं आणि शिव्या खातं. पुढच्या वेळी एक काढून तळहातावर ठेवा आणि पाण्याचा थेंब टाका. पीळ पडलेली काळी शेपटी हळूहळू उलगडायला लागते, वाळली की परत पिळते. या उलटसुलट फिरण्यातून बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. नांगर नको, माणूस नको.

या गवतांना ऊन लागतं. गिरीपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची दाटी केली की सावलीत ती मरतात, मग मेंढरांना चारा कुठला? पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळताना आपल्याला धनगर आठवतो, त्याच्या चराईच्या माळावर रोपं लावून कुंपण घालताना आठवत नाही. "पण झाडं कार्बन धरतात ना?" धरतात. गवतही धरतं, फक्त जमिनीखाली, मुळांत आणि मातीत. वरून वणवा गेला तरी त्यातलं बरंचसं तिथंच राहतं. गवताचे कोंब जमिनीलगत असतात, म्हणून पहिल्या वळवाला जळका माळ परत हिरवा होतो. याचा अर्थ दरवर्षी काडी लावा असा नाही हं. टिटवीची अंडी, सरडे, साप सगळं भाजून निघतं, आणि "गवत चांगलं येतंय" म्हणून मुद्दाम पेटवणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा की! रस्ते रुंद करताना शहरात तोडली तिथं लावा, ओढ्याकाठी लावा, उसाच्या बांधावर लावा (तिथं मात्र कुणी तयार नसतं, सावलीनं ऊस बसतो म्हणे). माळावर लावायचंच असेल तर हिवर, बोर, पळस, तेही लांब लांब. आणि कुदळ मारण्याआधी एक पावसाळा नुसतं जाऊन बघा, तिथं आपणहून काय काय उगवतंय ते. यंदा कुठल्या गावाच्या गायरानावर वृक्षारोपण ठरलंय? कमेंटमध्ये सांगा, आपण आयोजकांशी बोलू.