गाडी समोर उभी, आणि ब्लॉक म्हणे रिकामा

रात्रीचे पावणेबारा. आत्ताच माझ्या मॉडेल रेल्वेच्या प्लायवुडखालून बाहेर आलोय. अर्धा तास पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून, अकरा नंबरच्या ब्लॉकला, म्हणजे रुळाच्या एका वेगळ्या केलेल्या तुकड्याला, शिव्या घालत होतो. ब्लॉक लाल दाखवतोय, म्हणजे तिथे गाडी आहे. तिथे गाडी नाहीये! हात फिरवून बघितलं. धूळ लागली, जूनपासून हरवलेला एक स्क्रू मिळाला, गाडी नाही.

हा उपद्व्याप मुळात केला कशाला, तेही सांगतो. कळव्याच्या फ्लॅटमध्ये ८ बाय ४ फुटांचा लेआउट बसवायलाच घरात तीन बैठका झाल्या. एचओ स्केल, म्हणजे १:८७. गाड्या उभ्या करायला वर जागा उरली नाही, म्हणून खालच्या बाजूला चार लाइनींचं लपलेलं यार्ड काढलं. वरचं डोळ्यांना दिसतं, खालचं दिसत नाही. म्हणून डिटेक्शन, म्हणजे कुठल्या ब्लॉकमध्ये गाडी आहे ते ओळखणारं वायरिंग. "अरे सोपं आहे, एका रुळाला गॅप दे, वायर डिटेक्टरमधून ने, झालं," असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सगळ्यांना या पावसाळ्यात आमच्याकडे राहायला बोलवायचंय. झोपायची सोय खाली, यार्डात.

तत्त्व खरंच सोपं आहे, म्हणून तर जास्त चीड येते. डीसीसीत, म्हणजे गाड्या डिजिटल हुकमांवर चालवायच्या पद्धतीत, रुळांवर कायम साधारण १५ व्होल्ट असतात, गाडी पळो वा उभी राहो. इंजिनातला डिकोडर, म्हणजे ते हुकूम वाचणारं सर्किट, त्यातून करंट ओढतो. ब्लॉकच्या वायरीतून करंट गेला की डिटेक्टर म्हणतो भरलाय, नाही गेला की रिकामा. बरं, पण करंट ओढतं कोण? इंजिन. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, काय ओढणार, कपाळ? त्यांची चाकं एका बाजूने इन्सुलेट केलेली, नाहीतर रूळच शॉर्ट होतील. ही गोष्ट पाकिटावर कुठेही लिहिलेली नव्हती.

पहिल्याच रविवारी मालगाडी खाली सोडली. इंजिन पुढच्या ब्लॉकमध्ये शिरलं, मागच्या सहा वाघिणी आधीच्याच ब्लॉकमध्ये. सॉफ्टवेअरने बघितलं, करंट नाही, म्हणजे लाइन मोकळी, आणि मागून पॅसेंजर सोडली. मी वर चहा पीत होतो. खालून जो आवाज आला तो अजून कानात आहे.

मग रेझिस्टर, म्हणजे वाघिणीही थोडा करंट ओढतील. चाक आणि ॲक्सलच्या मधल्या इन्सुलेशनवरून १० किलोओहमचा रेझिस्टर चिकटवायचा आणि दोन्ही टोकांना कंडक्टिव्ह पेंटचा ठिपका द्यायचा. १५ व्होल्टला १.५ मिलिअँपिअर जातात, तेवढं डिटेक्टरला पुरतं. रेझिस्टरची लांबी २ मिलिमीटर. मोहरीएवढा जीव, चिमट्यात जरा जोर लागला की टुण्णकन उडतो, आणि आमची फरशी मोझॅकची. त्या ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर काळा ठिपका शोधून दाखवा. २२ वाघिणी, प्रत्येकी २ ॲक्सल, म्हणजे ४४ हवेत. ५० आणले होते. ९ उडाले. तीन कमी पडले. तीन! त्या तीन रेझिस्टरसाठी भर जुलैत कळवा ते दादर, दादर ते ग्रँट रोड, आणि तिथून भिजत लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तीन शेंगदाणे मागतोय. शेवटी शंभरची पट्टी घेतली.

येताना सायनच्या पुढे लोकल उभी. चाळीस मिनिटं. रुळांवर पाणी. घरी येऊन अप्पांसमोर सगळा राग काढला. अप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत. त्यांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे आता माझी शाळा.

"पाण्यातून करंट गळला, रिले पडली, सिग्नल लाल झाला. म्हणून गाडी थांबली. तुझं काय म्हणणं, धडकायला हवी होती?"

"तसं नाही अप्पा, पण..."

"तुझ्या त्या डब्यात लाइन रिकामी असली की काय असतं?"

"करंट नसतो."

"आणि वायर तुटली तर?"

"...करंट नसतो."

"म्हणजे वायर तुटली की तुझी लाइन क्लियर. वा. लाव बोर्ड, या आणि मरा."

आणि म्हातारा बरोबर आहे, हेच सहन होत नाही. खऱ्या रेल्वेत लाइन मोकळी असली की करंट रुळातून रिलेपर्यंत, म्हणजे करंटवर उचलल्या जाणाऱ्या स्विचपर्यंत, पोचतो आणि रिले उचललेली राहते. गाडी आली की तिच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले जातात, रिले पडते. वायर तुटली तरी पडते, रूळ मोडला तरी पडते. काहीही बिघडलं तरी उत्तर एकच, थांबा. ही युक्ती विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली पेटंट केली. आणि मी आज, कॉम्प्युटर लावून, नेमकं उलटं वायरिंग करून बसलोय, ज्यात वायर तुटली तरी उत्तर एकच, येऊ द्या.

रेझिस्टर लागले, वाघिणी दिसायला लागल्या. दोन दिवस सुखाचे गेले. मग वरचे चार, पाच आणि सहा नंबरचे ब्लॉक एकदम लाल. गाडी नसताना. सगळ्या वायरी उपटल्या, डिटेक्टर अदलाबदल केले, काही नाही. कारण निघालं गिट्टी. बिल्डिंगखाली कामाची रेती पडली होती, ती चाळून, पातळ केलेल्या गोंदात बसवली होती. फुकटात होती ना! आता ती रेती कुठली ते मला ठाऊक नाही, पण आमच्या शेजारच्या खाडीवरच्या बंदराचं नाव रेतीबंदर काही उगाच पडलेलं नाही. जिभेवर ठेवून बघितली. खारट. खारट रेती, न वाळलेला गोंद आणि ठाण्याची जुलैची हवा, जिच्यात बिस्किटसुद्धा दहा मिनिटांत मऊ पडतं. या रुळातून त्या रुळात करंट आरामात चाललेला. टूथब्रश आणि कोमट पाण्याने तीन ब्लॉक खरवडून काढले. माझाच टूथब्रश, हे नंतर कळलं.

एस८८ बद्दल, म्हणजे डिटेक्टरची उत्तरं कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या मॉड्यूलांच्या साखळीबद्दल, बोलायला लावू नका. बरं, बोलतो. प्रत्येक मॉड्यूलला १६ इनपुट, आणि नंबर ठरतो तो साखळीतल्या जागेवरून. मी शहाण्याने नवीन मॉड्यूल सोयीसाठी मधेच घातलं. मागचे सगळे नंबर १६ ने पुढे सरकले. गाडी सातवर, स्क्रीनवर तेवीस पेटतोय. सगळी नावं पुन्हा भरा.

आणि आता हा अकरा. याच्या वायरी सगळ्यांत लांब आहेत, दोन-अडीच मीटर एकमेकींना चिकटून गेलेल्या. डीसीसीची पोलॅरिटी सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते, त्यामुळे शेजारशेजारच्या वायरी कपॅसिटरसारख्या वागतात आणि गाडी नसतानाही जरासा करंट झिरपत राहतो. डिटेक्टरच्या कॉइलमधून वायरीचे पाच वेढे घेतले होते (वेढे जास्त, तेवढा तो बारीक करंटही पकडतो), ते दोन केले. लाल गेला. टाळी वाजवली. मग एकटी वाघीण ठेवून बघितली, तर तीही दिसेना! पाच वेढ्यांना भुतं दिसतात, दोनला वाघिणी दिसत नाहीत. तीन केले. तीनला दोन्ही होतं, मूड असेल तसं.

दारात बायको उभी. "तुला फक्त खाली गाडी आहे की नाही एवढंच बघायचंय ना?"

हो म्हटलं.

तिने कपाटातून तिचा जुना, काच तडकलेला मोबाईल काढला, यार्डाच्या तोंडाशी पुस्तकाला टेकवून ठेवला आणि माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. चारही लाइनी लख्ख दिसतायत. दीड मिनिट लागलं. अप्पा आतल्या खोलीतून हसतायत, ऐकू येतंय.

मी काही मोबाईल वापरणार नाही. सोल्डरिंग गन तापत ठेवलीय, डिटेक्टर उचलून थेट अकराच्या खाली नेऊन बसवतो. अकरा अजून लाल आहे.