अननस, कबुतर आणि च्यायला

मूल दीड वर्षाचं झालं की घरात त्याच्या तोंडी परीक्षा सुरू होतात. परीक्षक कुणीही चालतो. डोंबिवलीची आत्या, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, प्रसंगी सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा. "काकांना सांग, हे काय आहे? सांग ना! काल तर हत्ती हत्ती करत होता." परीक्षार्थी नाकात बोट घालून काकांच्या चपलांचं निरीक्षण करत असतो. हत्ती त्याला येत असतो, काका आवडलेले नसतात.

समजणं आणि बोलणं ही दोन वेगळी खाती आहेत. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही रोजच्या काही वस्तूंची नावं कळतात, हे 2012 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. तोंडातून पहिला शब्द यायला मात्र साधारण वर्ष उजाडतं. दीड वर्षाला पन्नासेक शब्द, दोन वर्षांना दोनशे-तीनशे आणि "बाबा गेले", "अजून दे" अशा जोड्या, हा सरासरी हिशोब. सरासरीत दोन्हीकडची मुलं मोडतात, हे ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सहा वाजता पटवून दाखवावं. तरीही दोन वर्षांना दोन शब्द जोडले जात नसतील, तर "याचा बापही उशिराच बोलला" एवढ्यावर भागवू नये. आधी कान तपासून घ्यावेत, मग बापाचा इतिहास.

शिकवण्याची आपली हौस दारामागच्या तक्त्यापासून सुरू होते. अ अननसाचा. मुलाला अननस भेटतो तो शिऱ्यात, पिवळे तुकडे होऊन, त्यामुळे तक्त्यावरच्या त्या काटेरी शेंडीवाल्याशी त्याची ओळख पटत नाही. त्यापेक्षा बाल्कनी बरी, असं वाटतं. पण तिथली गंमत बघा. जाळीपलीकडे कबुतर बसलंय. आई म्हणते, "ते बघ, कबुतर!" वर्षाच्या आतलं मूल नाव चिकटवतं ते आपल्याला आवडलेल्या वस्तूला. दीड वर्षाचं हुशार असतं, ते बोलणाऱ्याच्या नजरेचा माग काढतं. आईची नजर कुठे? दोरीवरच्या निळ्या चिमट्यावर, कारण हातात ओला टॉवेल आहे. झालं. पुढचा आठवडाभर "कबू दे" म्हटलं की चिमटा द्यायचा.

यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे: मूल ज्याच्याकडे बघतंय, त्याचंच नाव घ्या. चिमटा बघतंय तर चिमटा. वाक्य आखूड ठेवा आणि नाव शेवटी आणा. "हा बघ चिमटा." मग पाच-दहा सेकंद गप्प बसा. हे शेवटचं आपल्या घरांत सगळ्यांत अवघड, कारण तेवढ्या वेळात आजी, मावशी आणि टीव्ही असे तिघे उत्तर देऊन मोकळे होतात.

नाव योग्य जागी चिकटलं तरी ते तिथेच राहील असं नाही. मुलं आकारावर भलताच भरवसा ठेवतात. चांदोबा म्हणजे चंद्र, पापड, भिंतीवरचं घड्याळ आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या जोशीकाकांचं टक्कल. शब्द वाढले की ही उधळपट्टी आपोआप आटोक्यात येते. तोवर लिफ्टमध्ये मुलाचं तोंड भिंतीकडे ठेवावं.

बोबडं बोलावं की शुद्ध, यावर घरोघरी दोन पक्ष असतात. मी आजीच्या पक्षात. मम्मं, भुभू, जोजो हे ओठांना सोपे आणि दुहेरी अक्षरांचे शब्द पोरांना चटकन पकडता येतात. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी 1964 साली मराठीतल्या या बोलीवर रीतसर शोधलेख लिहिलाय. मोबाइलवरच्या गाण्यांना मात्र माझं मत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसांकडून नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकून घेतलं. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काहीही नाही.

आता घोडबंदर रोड. कापूरबावडीला गाडी अडकते, पुढची रिक्षा आडवी येते आणि आजोबांच्या तोंडून "च्यायला" निसटतं. मूल हा शब्द एका दिवसात उचलतं. साहजिकच आहे. शब्द एकटा, मागेपुढे वाक्याचं लटांबर नाही. आवाज चढलेला. जागा रोज तीच, प्रसंग तोच. बोलणाऱ्याची नजर थेट रिक्षावर, म्हणजे कबुतर-चिमट्याचा घोळ नाही. आणि वर आई मागच्या सीटवरून "बाबाऽऽ!" म्हणून ओरडते, म्हणजे शब्द महत्त्वाचा आहे याची खात्रीच. इतकं शास्त्रशुद्ध अध्यापन अननसाच्या वाट्याला कधीच येत नाही.

पाहुण्यांसमोर तो शब्द बाहेर पडला तर हसू नये, रागावूही नये. दोन्ही म्हणजे बक्षीसच. चेहरा दगडी ठेवून त्याच सुरात "अरेच्चा" म्हणावं आणि पुढे सरकावं. आजोबांनाही तेच सांगावं. आजोबांचं वय शब्द बदलण्याचं राहिलेलं नसतं, पण सांगावं.

अडीच-तीन वर्षांना वेगळंच संकट उभं राहतं. कालपर्यंत "मी केलं" म्हणणारं मूल अचानक "मी करलं" म्हणायला लागतं. आजी हवालदिल होते, बाबा प्लेग्रुपला दोष देतात. खरं तर ही प्रगती असते. "केलं" ही नुसती पोपटपंची होती. आता धरलं, भरलं, पुसलं यांच्यातला नियम त्याला सापडलाय आणि तो सगळीकडे लावून बघणं चाललंय. काही महिन्यांत "केलं" परत येतं. तोवर "करलं नाही, केलं म्हण" असा घोशा लावू नये. बरोबर रूप वापरून नुसतं उत्तर द्यावं: "हो का? तू केलंस? काय काय केलंस?"

"सगळं मीच करलं," असं अभिमानाने उत्तर येतं. हॉलच्या भिंतीकडे पाहिलं की कळतं, खडूने खरंच सगळं त्यानेच करलेलं असतं.