नेपाळातला टीका

घटस्थापना झाली की साताऱ्यातल्या आमच्या कट्ट्यावर नेपाळात भूकंपानंतर मदतीला गेलेल्या मास्तरांना तिथल्या एका घरी दसऱ्याचे बोलावणे आले होते, त्याचा विषय निघतो, आणि तो निघाला की बापू त्याला हरकत घेतात, हे आता ठरूनच गेले आहे. परवा मात्र वाद असा रंगला की चहाच्या गाडीवाल्याने दुसऱ्यांदा पातेले चढवले. मला मास्तरांचे म्हणणे मनापासून पटले, म्हणून ते लिहून ठेवतो आहे.

बापूंची हयात बँकेत गेली. बोलताना ते कट्ट्याच्या फरशीवर बोटाने उभी रेघ ओढतात, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. परवाही त्यांनी ती ओढली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही तिथे शाळेच्या खोल्या उभ्या करून देत होता. आपल्या सरकारने 'ऑपरेशन मैत्री' या मदतमोहिमेत विमाने भरभरून मदत पाठवली होती. देणाऱ्याला सणाला कोण बोलावणार नाही? याला परतफेड म्हणतात, स्वागत नव्हे."

"परतफेड?" मास्तर म्हणाले. "बापू, तो २०१५ चा ऑक्टोबर होता. सीमेवर मालमोटारी अडकून महिना होत आला होता, गावात भरलेले सिलिंडर उरले नव्हते, आणि जो तो त्याबद्दल भारतालाच बोल लावत होता. तुमच्या हिशेबाने मला त्या घरात पाणीही मिळायला नको होते."

"नाकेबंदी भारताने केलीच नव्हती. नेपाळच्याच तराईतल्या मधेसी आंदोलकांनी रस्ते धरले होते, आणि आपल्या सरकारने तसे स्पष्ट सांगितलेही होते."

"सांगितले असेल. पण त्या घरच्या आमा, म्हणजे आई, ओली लाकडे फुंकत बसल्या होत्या, आणि धुराला परराष्ट्र खात्याचे निवेदन वाचता येत नाही."

यावर नानांनी मांडीवर थाप मारली आणि बापूंनी दुसरी रेघ ओढायला घेतली, पण मास्तर थांबले नाहीत. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवणारा हा माणूस एका स्वयंसेवक गटाबरोबर सिंधुपाल्चोक जिल्ह्यात बांबू आणि पत्र्याचे तात्पुरते वर्ग बांधायला गेला होता. २५ एप्रिलच्या भूकंपात त्या एका जिल्ह्यात साडेतीन हजारांवर माणसे गेली होती. ज्या घरी मास्तरांना बोलावणे आले, तेही पडलेल्या भिंतींच्या शेजारी पत्र्याखाली उभे होते. शेजारच्या घरात त्या वर्षी सण नव्हता, कारण त्यांची सून ढिगाऱ्याखाली गेली होती आणि ते वर्ष पाळत होते. आमांनी त्या घराकडे पाहत, आवाज न करता सगळे मांडले होते.

"मी अवघडून उंबऱ्याशी उभा होतो," मास्तर म्हणाले, "तेवढ्यात कोपऱ्यातल्या दुरडीकडे लक्ष गेले. घटस्थापनेला पेरलेली जव उगवून वीतभर झाली होती, आणि अंधारात वाढवल्यामुळे तिचा रंग हळदीसारखा पिवळा होता. ते तिला जमरा म्हणतात. आमच्या आईने घट उठवल्यावर टोपीत खोचलेले धान याच रंगाचे असायचे. त्यानंतर मला कोणी 'बसा' म्हणण्याची गरज उरली नाही."

ते बसले ते घरच्या मुलांच्या रांगेत, थोरल्याच्या खाली आणि धाकट्याच्या वर. आमांनी दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून त्याचा जाड टिळा कपाळावर थापला, कानावर जमरा खोचला, आशीर्वाद पुटपुटला आणि हातावर दहा रुपयांची नोट ठेवली. मास्तर संकोचाने हात मागे घेऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिनुपर्छ, बाबु." म्हणजे घ्यावेच लागते, बाळा. मास्तरांचे वय तेव्हा चोपन्न होते.

"आता सांगा बापू, या रेघेच्या कुठल्या बाजूला मी येतो? सहा आठवडे मी देणारा होतो आणि सगळे माझ्याशी आदराने, चार पावलांवरून बोलत होते. त्या दिवशी त्यांनी मला घेणारा केले, आणि ते अंतर गेले."

बापू क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी हुकमाचे पान काढले. "किल्लारीला ९३ साली महिनाभर मीही राबलो. मला कोणी ओवाळले नाही."

"कसे ओवाळतील? तुम्ही रोज दिवेलागणीला जीपमध्ये बसून लातूरला मुक्कामाला जात होता. सणाचे बोलावणे, बापू, रात्री वस्तीला असलेल्या माणसाला येते."

हे बापूंना लागले, आणि मला वाटते ते लागायलाच हवे होते. पण नानांना वाद फार चिघळलेला सोसत नाही. त्यांनी विचारले, "मास्तर, दसऱ्याला तिकडे खसी, म्हणजे बोकड, कापतात म्हणे. तुमच्या माळेचे काय झाले?"

"आमांनी गळ्यातली माळ पाहिली आणि काही न विचारता चिउरा, म्हणजे पोहे, आणि बटाट्याचे अचार वाढले. दुपारी मुलांनी मला बांबूच्या उंच पिंगावर, म्हणजे झोक्यावर, बसवले. दसैंत, म्हणजे त्यांच्या दसऱ्यात, एकदा तरी जमीन सोडावी, असे ते मानतात."

"आणि त्या बांबूंनी काय मानले?" बापूंनी मास्तरांच्या पोटाकडे पाहत विचारले, तेव्हा गाडीवालासुद्धा गाळणी बाजूला ठेवून हसला. नाना म्हणाले की तिकडे टिळ्याला टीका म्हणतात आणि ती सणाला लावतात, आपल्याकडची टीका मात्र बापू रोज लावतात.

हसण्याच्या भरात बापूंनी सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकले. मास्तरांनी सवयीने खिशात हात घातला, तेव्हा बापूंनी त्यांचे मनगट धरले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "लिनुपर्छ, बाबु."