डोंगरातली ‘अस्सल हळद’ आणि दरवर्षीचा फॉरवर्ड

पाऊस लागून महिनाभर झाला की एक फॉरवर्ड नेमाने फिरायला लागतो. सोबत एक फोटो: रुंद हिरव्या पानांच्या झुपक्यातून वर आलेला जांभळट-गुलाबी तुरा, त्याच्या खालच्या अंगाला पिवळी फुलं. मजकूर थोडाफार बदलतो, पण आशय ठरलेला. ही डोंगरात आपोआप उगवणारी अस्सल देशी हळद. बाजारातली संकरित, शिवाय उकडून जीव गेलेली. केळीसारखं पान दिसलं की समजा हीच ती, कंद उकरा आणि घरी न्या. बाजारच्या हळदीला चुना लावा, लाल झाली तर भेसळ. पाण्यात टाका, तळाशी बसली तर शुद्ध. कच्चा कंद किंवा चमचाभर पूड रोज उपाशीपोटी घ्या, मधुमेह, सांधेदुखी, कर्करोग सगळं पळतं. आणि शेवटचा हुकमाचा एक्का: ‘अमेरिकेने उगाच पेटंट घेतलं नव्हतं!’

एवढ्या ओळींत धड असं एखाददुसरंच वाक्य आहे. क्रमाने घेऊ.

‘डोंगरात आपोआप उगवते ती अस्सल’

फोटोतली वनस्पती खरी आहे, सुंदरही आहे. तिला आपल्याकडे रानहळद म्हणतात, शास्त्रीय नाव कुर्कुमा स्यूडोमोंटाना. सह्याद्रीत ऐन पावसात ती जागोजागी दिसते. स्वयंपाकघरातली हळद म्हणजे कुर्कुमा लोंगा. दोघींचं कुळ एक, प्रजाती वेगळ्या. एकीला ‘अस्सल’ आणि दुसरीला ‘बिघडलेली’ म्हणायला काहीच आधार नाही.

गंमत अशी की आपली हळद ‘आपोआप’ उगवूच शकत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, तीन संच असतात, एकूण 63. त्यामुळे ती फुलते, पण तिला सहसा बी धरत नाही. दरवर्षी काढणीच्या वेळी शेतकरी जेठे गड्डे बाजूला काढतो, सावलीत राखतो आणि अक्षय्य तृतीयेपासून पुढे पावसाच्या तोंडापर्यंत पुन्हा लावतो. ओस पडलेल्या परड्यात हळद काही वर्षं तग धरेल, पण बी उडून डोंगरभर पसरणं तिच्या नशिबी नाही. माणसाने पिढ्यान् पिढ्या हाताने लावली म्हणूनच ती आज आहे.

‘संकरित’ हा आरोपही त्यामुळे फुसका. ज्या पिकाला सहसा बीच धरत नाही, त्याचा संकर करून दर हंगामाला नवं बियाणं विकायचं कसं? सेलम, राजापुरी, वायगाव, कृष्णा किंवा कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून आलेली फुले स्वरूपा, वाण कुठलाही असो, शेतकऱ्याच्या हातात पडतो तो कंदच, आणि त्या कंदातून तेच झाड पुन्हा येतं. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये. देशी हवी असेल तर ती डोंगरात शोधायची गरज नाही, सांगली, हिंगोली, समुद्रपूरच्या शेतांत आहे.

रानहळदीचा उपयोग नाही असं नाही. हळदीच्या जातकुळीतल्या काही रानटी भाईबंदांच्या कंदांतून तवकीर काढतात, ती खिरीला, उपासाला चालते. पण ते जाणकाराचं काम, आणि मिळतो तो स्टार्च. त्यात हळदीचा रंगही नाही आणि चवही नाही.

‘केळीसारखं पान दिसलं की हळद’

या एका ओळीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबू. तसं पान असलेल्या किमान सहा-सात वनस्पती आपल्या अंगणात आणि रानात आहेत. कर्दळ आहे, सोनटक्का आहे, पेवा आहे, कचोरा आहे, आंबेहळद आहे, रानहळद तर आहेच.

आधी पानाचा तुकडा चुरगाळून हुंगा. हळदीच्या पानाला उग्र, किंचित गोडसर वास येतो. हळदीच्या पानात पातोळ्या उकडताना घरभर पसरतो तोच. कर्दळीचं पान कितीही चोळा, हिरव्या पाल्यापलीकडे वास नाही. सोनटक्क्याला उंच खोड असतं आणि पानं त्यावर दोन बाजूंना रांगेत बसतात. पेव्याची पानं खोडाभोवती जिन्यासारखी वळत वर जातात. हळदीला असं उघडं खोडच दिसत नाही. लांब देठांची पानं जमिनीतूनच झुपक्याने वर येतात, आणि खोड वाटतं ते पानांच्या देठांच्या तळाचे पापुद्रे एकात एक गुंडाळून झालेलं असतं. पान दोन्ही टोकांना निमुळतं, खालून गुळगुळीत. आल्याशी घोळ करायचं कारणच नाही, आल्याचं पान जेमतेम दोन बोटं रुंद.

वास जुळला तरी काम संपत नाही, कारण हळदीचे भाईबंदही वासाचेच. मग फुलोरा बघायचा. आपल्या हळदीचा फुलोरा पानांच्या मधोमध वर येतो. त्याची पाती हिरवट-पांढरी, शेंड्याकडची पांढरी, फार तर गुलाबी झाक असलेली, आणि त्यांच्या खिशांत फिकट पिवळी फुलं. भडक जांभळा-गुलाबी शेंडा दिसला तर तुम्ही रानहळदीपुढे उभे आहात. रानहळदीचे सुरुवातीचे तुरे तर पानांच्या बाजूने थेट जमिनीतून निघालेले सापडतात.

शेवटचा निवाडा कंदाचा. बोटाएवढा तुकडा मोडा. आपली हळद आतून गर्द केशरी-पिवळी निघते आणि बोटं रंगवते, तो रंग दोन दिवस जात नाही. आंबेहळद आतून फिकट, आणि वास चक्क कैरीचा. मुका मार लागला की आजीने उगाळून लावलेली, लोणच्यात पडणारी ती हीच. काळी हळद आतून निळसर, पानाच्या मध्यशिरेवर गडद जांभळा पट्टा. कस्तुरी हळदीचा कंद फिकट, वास कापरासारखा, पान खालून लवदार. म्हणून ‘कस्तुरी हळद’ लिहिलेल्या पुडीतून पिवळीजर्द पूड निघाली तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत.

आता ‘उकरा आणि खा’ या सल्ल्याविषयी. त्याच पावसात, त्याच झुडपांच्या कडेला कळलावी उगवते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल असताना तिला कुणीही ओळखेल, पानाचं टोकही तणाव्यासारखं वळलेलं असतं. पण फूल झडलं, वेल वाळला की मातीत उरतो तो नांगराच्या आकाराचा कंद, आणि त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. तो कंद खाऊन माणसं दगावली आहेत. न ओळखलेला रानातला कंद तोंडात घालायला सांगणारा संदेश कुणाचा जीव वाचवत नाही.

‘उकडली की हळदीतला जीव जातो’

जातो, अगदी खरं! शिजवतात ते त्यासाठीच. शिजवली नाही तर हळकुंडाला कोंब फुटतील. शिवाय शिजल्यावर आतला स्टार्च चिकटसर होतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि वाळायला वेळ कमी लागतो. माघ-फाल्गुनात सांगली-हिंगोलीकडे शिवारात काहिली किंवा वाफेचे बॉयलर लागलेले असतात. पाण्यावर फेस येतो, उग्र वाफ डोळ्यांत जाते, आणि शिजवणारा माणूस हळकुंडात काडी टोचून बघतो. अलगद गेली की उतरवायची. मग दहा-पंधरा दिवस ऊन. साधारण पाच किलो ओल्या हळदीची एक किलो सुकी होते.

राहिला प्रश्न गुणाचा. हळदीचा पिवळेपणा ज्याच्यामुळे, ते कुर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे शिजवण्याच्या पाण्याबरोबर ते वाहून जात नाही. ओल्या हळदीची चव वेगळी, तिचं लिंबू-मिरचीचं लोणचं थंडीत करावंच. पण सुकी हळद म्हणजे मेलेली हळद, हे काही खरं नाही.

‘चुना लावल्यावर लाल झाली तर भेसळ’

नेमकं उलटं. लाल झाली नाही तर शंका घ्या. कुर्क्युमिन क्षारात लाल होतं. शाळेत हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला होता, आठवतंय? पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग एकदम विटकरी होतो, तोच प्रकार. (तो डाग धुऊन निघाला नाही तर कडक उन्हात टाकावा, उन्हाने हळदीचा रंग उडतो.) पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होतं, हळदीला चुन्याची किंवा टाकणखाराची जोड देऊन. म्हणजे हा फॉरवर्ड ज्या घरात वाचला जातो, त्याच घराच्या देव्हाऱ्यात त्याचं उत्तर करंड्यात ठेवलेलं असतं.

मेटॅनिल यलो नावाच्या बंदी असलेल्या रंगाची चाचणी आम्लाने करतात, चुन्याने नाही. तीही प्रयोगशाळेत करायची.

‘पाण्यात तळाशी बसली की शुद्ध’

हे अर्धवट खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. पाणी गर्द पिवळं झालं तर विरघळणारा कृत्रिम रंग असण्याची शक्यता असते, इथवर ठीक. पण हळदीतली सगळ्यात वाईट भेसळ लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाची. ते पाण्यात विरघळत नाही. जड असल्याने तेही मुकाट्याने तळाशी जाऊन बसतं, आणि आपण ‘शुद्ध’ म्हणून पूड डब्यात भरतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि ते शरीरातून सहज बाहेर पडत नाही.

बांगलादेशात 2019 मध्ये संशोधकांनी याचा माग काढला. फिक्या, डागाळलेल्या हळकुंडांना पॉलिश करताना हा रंग लावला जात होता, कारण गिऱ्हाईकाला पिवळीधमक हळद हवी होती. सरकारने धाडी घातल्या, लोकांना सांगितलं, आणि बाजारातल्या नमुन्यांत शिसं सापडण्याचं प्रमाण 47 टक्क्यांवरून 2021 पर्यंत शून्यावर आलं. म्हणजे हा रोग गिऱ्हाईकाच्या डोळ्यांतूनच सुरू झाला होता. पॉलिश हा स्वतः गुन्हा नाही, ड्रममध्ये हळकुंडं एकमेकांवर घासून वरचं साल काढणं एवढंच ते असतं. पण डोळ्यांत भरणारा पिवळा रंग म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा भरवशाच्या दुकानातून हळकुंडं घ्यावीत, जरा मळकट दिसली तरी चालतील, आणि गिरणीतून दळून आणावीत.

‘रोज चमचाभर, सगळे रोग पळतात’

सुक्या हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं, मेघालयातल्या लाकाडोंगसारख्या वाणात सात टक्क्यांपर्यंत. त्यातलंही आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की मिरीतल्या पायपरीनने ते शोषणं वीसपट वाढतं. तेव्हापासून मिरी घातलेल्या गोळ्यांचा बाजार फुलला. पण जे जवळपास शून्य आहे, त्याची वीसपट तरी किती होणार? 2017 मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कुर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. हजारो शोधनिबंध आणि शंभरावर मानवी चाचण्या होऊनही, कडक पद्धतीच्या चाचणीत एखाद्या रोगावर त्याचा ठाम उपयोग सिद्ध झालेला त्यांना आढळला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोगाच्या पेशी मरतात हे खरं, पण बशीत बऱ्याच गोष्टींनी मरतात.

दुसरी बाजू कुणी फॉरवर्ड करत नाही. जादा मात्रेच्या हळद-कुर्क्युमिन गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं इटली आणि अमेरिकेत नोंदली गेली. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने तसा इशाराच दिला. पित्ताशयात खडे असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी असे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मधुमेहाची गोळी बंद करून हळद सुरू करणारे काका प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतात, त्यांना हे आधी वाचायला द्या.

फोडणीतली चिमूटभर हळद, रात्रीचं हळद-दूध, माशाला लावलेली हळद-मीठ यांना कुणीच अडवलेलं नाही. आणि पानाला तर आपण फारच कमी किंमत देतो. कोकण-गोव्यात नागपंचमीला, गौरीला आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टला तांदळाचं पीठ पानावर थापून, गूळ-खोबऱ्याचं सारण भरून, पान दुमडून पातोळ्या उकडतात. कुंडीत लावलेले दोन गड्डे एवढी हौस सहज भागवतात.

‘अमेरिकेने उगाच पेटंट घेतलं नव्हतं’

धड असलेलं वाक्य हेच, तेही अर्धंच. 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीचं पेटंट दिलं होतं, आणि ते होतं जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. भारताचा युक्तिवाद अगदी साधा होता: हे आमच्या घराघरांत पूर्वापार माहीत आहे, यात नवा शोध कुठला? पुराव्यादाखल संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने संदर्भ सादर केले, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. वाद फक्त खरचटल्या-कापल्यावर लावायच्या हळदीचा होता. मधुमेह आणि कर्करोग त्या खटल्यात कुठेच नव्हते. शिवाय ज्या हळदीवरून तो लढला गेला ती शेतातली होती, डोंगरातली नाही.