कुबट वास, काचेवरचे ठिपके आणि न मारलेलं कोटिंग : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि चार तक्रारी लिहिल्यात. पावसाळ्यानंतर गाडी पूर्ण साफ करून घेतली तरी आठ दिवसांत कुबट वास परत आला, मागच्या काचेवर पांढरे ठिपके तसेच राहिले, पैसे देतो म्हणूनही खालून अँटी-रस्ट मारून दिलं नाही, आणि एक दिवस सांगून दोन दिवस लावले. वासाची चूक आमची. बाकीचं सगळं तसं नाही.

जॉब कार्डवर 'इंटिरिअर शाम्पू' आहे. त्यात सीट, छत, दारांचे पॅड आणि वरचं कार्पेट धुतलं जातं. पण कार्पेटखाली बोटभर जाडीचा फेल्ट-फोमचा थर असतो, तो पाणी धरून बसतो. वरून हात फिरवला तर कोरडं लागतं. चार महिने जांबोटी-कणकुंबीच्या धो-धो पावसाच्या रस्त्यावर फिरलेली गाडी आत ओली असणार हे धरूनच चालायला हवं. कार्पेटवर टिश्यू ठेवून अंगठ्याने दहा सेकंद दाबला की ओल लगेच कळते. शाम्पूआधी हे बघायचं राहिलं. ओल्या थरावर आणखी पाणी गेलं आणि वरून सेंट मारला गेला. आठ दिवस वास आला नाही हेच नवल.

आता पाणी येतं कुठून? पाऊस नसतानाही डाव्या सीटपुढे ओल येते, असं तुम्हीच लिहिलंय. मग ते बहुतेक एसीचं पाणी. कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी एका रबरी नळीतून खाली रस्त्यावर पडतं. नळीचं तोंड चिखलाने बुजलं, किंवा कुंभारीण माशीने त्यात घर केलं, की तेच पाणी उलटं केबिनमध्ये उतरतं. हवा दमट असताना गाडी उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवा. खाली ठिपका पडला नाही तर नळी तुंबलीय. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी खालून हळूच सरकवली की बहुतेक वेळा मोकळी होते. कॉम्प्रेसरची हवा मात्र कुणाला मारू देऊ नका, नळी आतून निसटली तर डॅशबोर्डपर्यंत काम जातं. आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं लागलं तर तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), म्हणजे हीटरची कॉइल गळतेय. ते काम गॅरेजचं, आमचं नव्हे.

हे काम आम्ही पुन्हा करून देतो, पैसे नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबायचं (सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात), मग पुढच्या सीटचे बोल्ट खोलून कार्पेट उचलायचं, खाली ब्लोअर लावायचा. थर पूर्ण सुकायला दोन दिवस धरा. तोवर कॉइलला फोम क्लीनर मारू आणि ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर बदलू. नंतर तुम्ही एवढंच करा, घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद आणि पंखा चालू. कॉइल सुकली की वास धरत नाही.

काचेचं वेगळं आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार उन्हात काचेवर वाळला की ठिपके पडतात. ताजे असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, दोन मिनिटं ठेवून पुसलं की जातात. ते आम्ही केलं. जे राहिले ते काचेत कोरले गेलेत, त्यांना सेरियम ऑक्साइड (काच घासायची पूड) आणि फेल्ट पॅडने पॉलिश लागतं, सतत पाणी मारत, नाहीतर काच तापून तडकते. हे स्वतंत्र काम आहे, बिलावर तसं लिहूनही दिलंय. मागच्या काचेला चालेल. पुढच्या काचेला आम्ही करत नाही, नजरेसमोर जरा जरी लहर आली तरी रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा दिसतो.

आणि अँटी-रस्ट नाकारलं ते मुद्दाम. बैलहोंगलकडची काळी माती वाळली की तडकते, ढलपे निघतात. खानापूरकडची, म्हणजे तुमच्या जांबोटीच्या रस्त्यावरची, लाल माती बारीक, फटीफटीत जाऊन बसते. तुमच्या मागच्या एका चाकावरचं प्लास्टिक खोललं तर अर्धं घमेलं ओली माती निघाली. तिच्यावर कोटिंग मारलं असतं तर पाणी आत कोंडून गंज आतल्या आत वाढला असता, वरून काळंभोर छान दिसलं असतं. माती काढणं, दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) खालची भोकं मोकळी करणं, यात दुसरा दिवस गेला. तो फोन करून सांगायला हवा होता, ते चुकलं. कोटिंग आता मारता येईल. आधी वायरब्रश, गंजावर कन्व्हर्टर (गंज थांबवणारं रसायन), मग कोट. सायलेन्सर, ब्रेक आणि रबरी बुश सोडून.

सोमवार ते गुरुवार कधीही सकाळी नऊला आणा, दोन रात्री गाडी ठेवावी लागेल. येताना एसी चालू ठेवूनच या, नळीतून पाणी खाली पडतं की नाही ते दारातच दिसेल.