"कोणासाठी शिवतेस?" आणि "विकतेस का?"

मी बार्बीचे कपडे शिवते. घरात लहान मुलगी नाही, नातही नाही. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला या प्रकरणात काडीचा रस नाही. हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात, वर दिलेत ते. "माझ्यासाठी" आणि "नाही" अशी उत्तरं आली की समोरची बाई जरा गोंधळते, मग "छान, वेळ मिळतो तुला" म्हणते. या शेवटच्या वाक्याने डोकं फिरतं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

गंमत बघा. सासूबाईंच्या बाळकृष्णाचे अंगरखेही मीच शिवते. गोकुळाष्टमीला त्याला जरीचा घेर आणि टोपी घातली की येणारी-जाणारी कौतुक करते, "हाताला काय सफाई आहे गं!" तीच सुई, मुंबईच्या भुलेश्वर बाजारातून आणलेली तीच लेस. तिथे कोणी वेळेचा हिशोब काढत नाही. आता खरं सांगू? बाळकृष्णाचा अंगरखा सोपा असतो. रांगता देव, गळ्याशी नाडी, खाली घेर, झालं. भुलेश्वरला तर ते नंबरवर तयार मिळतात. बार्बीला खांदे आहेत, छाती आहे, मुठीत मावेल एवढी कंबर आहे, आणि मानेपेक्षा डोकं कितीतरी मोठं, त्यामुळे प्रत्येक कपडा पाठीमागे उघडा ठेवून टिचबटण लावावं लागतं. बाही घालताना तिची बोटं दोऱ्यात अडकतात. हाताला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून मग बाही चढवायची, हे शहाणपण शिवणाऱ्या सगळ्याजणी एकमेकींना देतात.

ही बाहुली साडेअकरा इंचांची, म्हणजे साधारण 29 सेंटिमीटर. माणसाच्या एक षष्ठांश. पण कापड काही एक षष्ठांश जाडीचं मिळत नाही ना! अडचण सगळी तिथेच. जीन्सचं कापड तिच्या अंगावर सतरंजीसारखं उभं राहतं. खणाचा एक बुट्टा तिच्या अख्ख्या चेहऱ्याएवढा. मग शोध सुरू होतो: जुनी मलमल, पातळ अस्तर, बारीक रेघांचे पुरुषी शर्ट, धुऊन धुऊन मऊ झालेले रुमाल. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, पाच-सहा मिलिमीटर, टाका बारीक. कापडाचं टोक मशीनच्या पट्टीखाली ओढलं जाऊ नये म्हणून खाली बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. बाही आधी सपाटीवर जोडायची, कुशीची शिवण नंतर. लाल किंवा काळं कापड असेल तर आधी धुऊन रंग जाऊ द्यायचा, आत पांढरं अस्तर घालायचं, नाहीतर बाहुलीच्या पायांवर डाग पडतात ते निघत नाहीत.

नऊवारीचं गणित तर बसून सोडवण्यासारखं आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. सहाने भागलं की सुमारे 1.37 मीटर लांबी, पन्हा म्हणजे रुंदी 19 सेंटिमीटर. कागदावर झकास. प्रत्यक्षात एवढ्या निऱ्या तिच्या कंबरेला खोचल्या की पोटाशी उशी बांधल्यासारखी दिसते. म्हणून लांबी कमी करायची, निऱ्या आधीच इस्त्रीने बसवून शिवून घ्यायच्या आणि कासोटा वेगळ्या तुकड्याचा जोडायचा. काठासाठी अर्ध्या इंचाची जरीची पट्टी. हे शोधून काढताना जो आनंद झाला तो मला ब्लाउज शिवून कधी झालेला नाही.

कंबरेवरून या बाहुलीला खूप बोलणी बसतात, आणि बरीचशी रास्त आहेत. अशा बांध्याची बाई जगात चालूही शकणार नाही. पण कंबरेशी वरचा कपडा, अस्तर, चुण्या आणि पट्टा इतके थर एकत्र येतात की ती जाडी सामावायलाच कंबर बारीक ठेवली, हे कंपनीकडून दिलं जाणारं कारण सुई धरणाऱ्या बाईला अगदीच खोटं वाटत नाही. 2016 मध्ये भरल्या अंगाच्या, उंच आणि बुटक्या बांध्याच्या बार्बी आल्या. चांगलंच झालं. फक्त जुने पॅटर्न भरलेल्या बांध्याच्या बाहुलीला बसेनात, तिचे वेगळे काढावे लागले. तक्रार नाही, मला तीच जास्त आवडते.

आणि हे "रिकामपणचे उद्योग" म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 1959 साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात ही बाहुली पहिल्यांदा मांडली गेली. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन या डिझायनरने केले, त्यासाठी ती जपानला जाऊन राहिली. तिथे हे कपडे आपापल्या घरी बसून शिवणाऱ्या कामगारांनी शिवले. अस्तर, इवल्या चेनी, इवली बटणं, सगळं. त्याआधी, 1945 मध्ये, युद्धाने कापडाचा तुटवडा पडला तेव्हा पॅरिसच्या नामवंत फॅशन घराण्यांनी तारेच्या, सुमारे 70 सेंटिमीटर उंच बाहुल्यांवर आपलं काम दाखवलं. त्या प्रदर्शनाचं नाव 'तेआत्र द ला मोद'. त्यातल्या बाहुल्या आज अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. अर्थात त्यांनाही कारण लागलंच म्हणा, युद्धग्रस्तांसाठी निधी गोळा करायचा होता.

आता वेळेचं. मला वेळ मिळत नाही, मी तो चोरते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चुण्या ओढून होतात. ठाण्याहून लोकलमध्ये बसायला मिळालं तर टिचबटणं लावून होतात. लेडीज डब्यात शेजारची मेथी निवडत असते, मी घेराला दुमड घालत असते, दोघींचा कचरा आपापल्या पिशवीत. चुरगळलेला इवलासा झगा पर्समध्ये सहज मावतो. मोठ्या माणसाचा कपडा असा तुकड्या-तुकड्यांत शिवताच येत नाही. त्याला टेबल लागतं, सलग दुपार लागते, आणि मुख्य म्हणजे ज्याचा तो कपडा आहे तो माणूस डोक्यावर उभा असतो.

शिवणकाम येणाऱ्या बाईचं घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. "वहिनी, जरा फॉल लावून द्या ना." "मावशी, ब्लाउज दोन बोटं सैल करशील?" करते मी, प्रेमाने करते. पण ते दुसऱ्यांच्या मापाचं आणि दुसऱ्यांच्या तारखेचं काम. विकायला लागले तर हेही तसंच होईल. रंग गिऱ्हाईकाचा, तारीख गिऱ्हाईकाची, वर "एवढ्याशा कपड्याचे एवढे पैसे?" विकणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण मला ते नको. हाताला येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा धंदा करा, असा आग्रह हल्ली फार वाढलाय, आणि तो बायकांनाच जास्त केला जातो असं माझं मत आहे. नवरा रविवारी क्रिकेट खेळून येतो, त्याला कोणी विचारत नाही की धावा विकतोस का.

तर मेसेज करून ऑर्डर देऊ नका, घेत नाही. कोणाकडे बारीक रेघांचे जुने सुती शर्ट किंवा विरलेली मलमल पडून असेल तर मात्र जरूर सांगा, ठाणे ते दादर कुठेही येऊन घेऊन जाईन. नऊवारीचा पॅटर्न हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, कागदावर काढून फोटो टाकते. कासोट्याचा तुकडा उरेब, म्हणजे तिरका कापायचा, तेवढं आत्ताच सांगून ठेवते.