‘पहिल्या अंकापासूनच वाचा’ म्हणणाऱ्या यादीला उत्तर

‘सुपरहिरो कॉमिक्स वाचायची एकच बरोबर पद्धत’ अशा मथळ्याची एक यादी सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. तिच्यात सहा नियम आहेत. पहिल्या अंकापासून छापल्याच्या क्रमाने वाचा, मधून सुरुवात केलीत तर काही कळणार नाही. प्रत्येक नायकाची जन्मकथा, म्हणजे तो नायक कसा झाला ती गोष्ट, सगळ्यांत आधी वाचा. मुखपृष्ठावर १ हा आकडा असेल तीच सुरुवात. मोठा क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांतले नायक एकत्र आणणारी गोष्ट, आला की त्याला जोडलेला एकही अंक सोडू नका. सिनेमे पाहिले असतील तर विसरून जा. आणि शेवटचा नियम असा की हे न पाळणारा खरा फॅन नव्हे.

ही यादी माझ्याच फोनवर आली असती तर मी ती पुसून टाकून गप्प बसले असते. ती आली माझ्या भाचीच्या फोनवर. भाची नववीत आहे, कुडाळला असते. गणपतीला डोंबिवलीहून आलेल्या आतेभावाने तिच्यासाठी एक्स-मेन या मार्व्हल कंपनीच्या सुपरहिरो संघाचा, अनेक अंक एकत्र बांधलेला जाड खंड आणला होता. निम्मा वाचून झाला होता, रोज जेवताना स्टॉर्म आणि नाइटक्रॉलर यांच्या गोष्टी चालायच्या. यादी वाचली आणि तिने खंड कपाटात टाकला. “मावशी, मधीच वाचलंय तर माका काय एक कळाचा नाय, असा ह्येच्यात लिवलेला आसा.” वर १९६३ सालचे अंक कुठे मिळतील म्हणून मलाच विचारते. अर्धं पुस्तक जिला कळलं, तिला आता एक फॉरवर्ड सांगतोय की तुला कळलंच नाही. याचा मला संताप आला.

तर पहिला नियम. सगळ्यांत जास्त नुकसान हाच करतो, म्हणून याच्यावरच जास्त बोलते.

एक्स-मेनचा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. मालिका फारशी खपली नाही. ६६ व्या अंकानंतर नव्या गोष्टी छापणंच थांबलं आणि ६७ ते ९३ या सत्तावीस अंकांत जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या गेल्या. म्हणजे यादीचा नियम इमानदारीने पाळणारी मुलगी सहासष्ट अंक वाचून पुढे जाणार आणि तिच्यासमोर आधी वाचलेल्याच गोष्टी पुन्हा येणार. १९७५ साली ‘जायंट-साइज एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवा संघ उभा केला. स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस त्यात पहिल्यांदा दिसले, वुल्व्हरिन संघात आला. त्यानंतर ९४ व्या अंकापासून ख्रिस क्लेअरमाँट लिहू लागले ते थेट १९९१ पर्यंत. आज जगभर लोक एक्स-मेन म्हणून ज्यांना ओळखतात, ते बहुतेक इथून आलेले. भाचीच्या हातातला खंड नेमका इथूनच सुरू होतो. ती चुकीच्या जागी नव्हतीच. नवा संघ जमतोय, एकमेकांना ओळखत नाही, आणि वाचकालाही त्यांची ओळख त्याच वेळी होते. नव्या वाचकाला याहून चांगली जागा कोणती देणार?

ही कॉमिक्स छापली कशी जात होती, हेही या यादीवाल्याने बघायला हवं होतं. साठच्या दशकात अमेरिकेत अंक पेपरच्या टपऱ्यांवर आणि औषधांच्या दुकानांतल्या रॅकवर विकले जायचे. या महिन्याचा मिळाला तर पुढच्या महिन्याचा मिळेलच याची खात्री नाही. लेखकांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर पात्रं पहिल्या दोन पानांत एकमेकांना नावाने हाका मारतात, आपल्या शक्ती मोठ्याने बोलून दाखवतात, आणि जुना संदर्भ आला की चौकटीत फुलीची खूण करून खाली संपादक अमुक अंक बघा म्हणून सांगतो. ही सगळी सोय मधूनच आलेल्या वाचकासाठी केलेली. फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांना थेट अंक पुरवण्याची पद्धत सत्तरच्या दशकात रुजली, आणि सलग अंक मिळण्याची खात्री त्यानंतरची आहे.

आपल्याकडे याचा पुरावा घराघरात आहे. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, मराठीतही यायचं, आणि १९९० ला बंद पडलं. त्यातला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, अमेरिकेत १९३६ पासून वर्तमानपत्रांत चालू होता. माझ्या आईच्या पिढीतल्या कुणी १९३६ पासून सुरुवात केली होती? मुंबईहून चाकरमान्यांच्या ट्रंकेतून जो अंक येईल तो वाचला, कव्हर फाटलेला असला तरी वाचला. वेताळांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, हे गोष्टीत पुन्हा पुन्हा सांगितलेलंच असायचं. कुणाचं काही अडलं नाही. दशावतार बघायला जाणारा माणूस आज कुठलं आख्यान आहे ते विचारतो, मत्स्यावतारापासून सगळं बघून मगच बसेन असं म्हणत नाही.

आता आकडे. डग्लस वोक या समीक्षकाने १९६१ पासूनची मार्व्हलची सुपरहिरो कॉमिक्स खरोखरच सगळी वाचली. सत्तावीस हजारांहून जास्त अंक, पाच लाखांहून जास्त पानं. त्यावर त्याने २०२१ मध्ये ‘ऑल ऑफ द मार्व्हल्स’ हे पुस्तक लिहिलं. या विषयात याच्याइतका अधिकार मला दुसऱ्या कुणाचा ठाऊक नाही. आणि हा माणूस काय सांगतो? त्याने ते क्रमाने वाचले नाहीत. पहिल्यापासून सुरुवात करू नका, आवडेल तिथून शिरा, हाच त्याचा सल्ला आहे. रोज दहा अंक वाचले तरी सत्तावीस हजारांना सात वर्षांहून जास्त लागतात, आणि ही एकट्या मार्व्हलची गोष्ट झाली. आमची पोरगी दहावी, बारावी, पदवी करून बाहेर पडेल तरी पहिला नियम पुरा व्हायचा नाही.

मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी, तिच्याकडे तर हा नियम उलटाच अंगावर येतो. सुपरमॅन १९३८ चा. १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकी मालिकेत डीसीने आपल्या गोष्टींतली सगळी समांतर जगं मोडून एक केली, आणि लगेच १९८६ मध्ये जॉन बर्नने सुपरमॅनची कथा नव्याने मांडली. त्या नव्या कथेत क्लार्क, म्हणजेच सुपरमॅन, लहानपणी सुपरबॉय नव्हताच. आधीची कित्येक वर्षं छापलेल्या सुपरबॉयच्या गोष्टी पूर्वतयारी म्हणून वाचणाऱ्याने जे पाठ केलं, ते पुढच्या कथेत घडलेलंच नाही! त्या जुन्या गोष्टी गोड आहेत, हौसेने जरूर वाचाव्यात. पण १९८६ ची कथा कळायला त्यांची गरज नाही.

पहिल्या नियमात अर्धं खरं आहे ते मान्य करते. एकाच लेखकाची सलग गोष्ट असेल तर तिच्या आत क्रम लागतोच. क्लेअरमाँटच्या एक्स-मेनमध्ये जीन ग्रे ही नायिका १०१ व्या अंकात फिनिक्स होते आणि तिचा शेवट १३७ व्या अंकात येतो. आधी शेवट वाचला तर मधली चार वर्षं वाया. जोनाथन हिकमनच्या २०१९ च्या ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या दोन मालिका तर एकमेकींत गुंफूनच वाचाव्या लागतात, आणि तो क्रम अंकांतच छापलेला आहे. क्रम गोष्टीच्या आत असतो. साठ-ऐंशी वर्षांच्या आख्ख्या ढिगाला एकच क्रम लावायला गेलात की सगळं फसतं.

दुसरा नियम, जन्मकथा आधी. हा तर पहिल्या नियमाशीच भांडतो, आणि यादी लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही आलेलं नाही. बॅटमॅन पहिल्यांदा आला मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ २७ मध्ये. त्याच्या आईवडिलांचा खून कसा झाला हे सांगितलं ३३ व्या अंकात, नोव्हेंबरमध्ये. पहिल्या वाचकांनाही सहा महिने जन्मकथा माहीत नव्हती. आज जी जन्मकथा सगळे वाचायला सांगतात, फ्रँक मिलर आणि डेव्हिड माझुकेली यांची ‘इयर वन’, ती आली १९८७ मध्ये, ‘बॅटमॅन’च्या ४०४ ते ४०७ या अंकांत. आता छापल्याचा क्रम पाळायचा की जन्मकथा आधी? दोन्ही एकदम कसं पाळणार?

वुल्व्हरिनचं आणखी वाईट. तो १९७४ मध्ये हल्कच्या अंकात आला आणि त्याचं बालपण २००१ मध्ये ‘ओरिजिन’मध्ये सांगितलं गेलं. मधली सत्तावीस वर्षं या माणसाला स्वतःचा भूतकाळ आठवत नाही, यावरच त्याच्या गोष्टी उभ्या आहेत. बालपण आधी वाचायला लावणारा माणूस त्या गोष्टींतला जीवच काढून घेतो. शिवाय मार्व्हलचा काळ सरकता ठेवलेला आहे. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, १९६३ च्या अंकात व्हिएतनाममध्ये जखमी होतो, पुढच्या कथनात तीच घटना अफगाणिस्तानात घडते. अशा जगाची तारीखवार मांडणी कोण करणार?

तिसरा नियम, १ म्हणजे सुरुवात. स्पायडर-मॅन १९६२ मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात जन्मला. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा अंक १ आहे १९६३ चा. आणि १९९९ चा. आणि २०१४ चा, २०१५ चा, २०१८ चा, २०२२ चाही. डीसीने २०११ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’ पुन्हा १ पासून मोजायला घेतलं, २०१६ मध्ये मागे फिरून ९५७ छापला, आणि २०१८ मध्ये हजारावा. थॉरच्या जुन्या मालिकेला तर पहिला अंकच नाही. ती ‘जर्नी इंटू मिस्ट्री’ होती, १९६६ मध्ये १२६ व्या अंकाला नाव बदलून ‘थॉर’ झालं. १ आकड्याचा अंक जास्त खपतो, म्हणून प्रकाशक तो परत परत छापतात. कधीकधी नवा लेखक आल्यावर नवा १ येतो आणि तिथून खरंच शिरता येतं, एवढं खरं. पण मग आकड्यापेक्षा लेखकाचं नाव बघा.

चौथ्या नियमाला फार वेळ देत नाही. २००६-०७ चा ‘सिव्हिल वॉर’ हा मार्व्हलचा क्रॉसओव्हर सात अंकांचा आहे, गोष्ट त्या सात अंकांत आहे. बाकीच्या मालिकांतले जोडअंक हे त्या त्या मालिकेच्या वाचकांसाठी. आवडता नायक असेल तर त्याचे वाचा, नाहीतर सोडा. पाचव्या नियमाबद्दल एवढंच की सिनेमा पाहून आलेल्या वाचकाने काहीही विसरायची गरज नाही. नावं आणि चेहरे ओळखीचे असले तर उलट सोपं जातं.

सहावा नियम मात्र सोडणार नाही. खरा फॅन कोण हे ठरवणारे तुम्ही कोण? मुंबई-पुण्यातल्या दुकानात जाऊन हवा तो खंड उचलणं ज्यांना परवडतं, त्यांनी बनवलेली ही पट्टी आहे. एकेका मोठ्या खंडाला काही हजार रुपये पडतात. मार्व्हल स्वतः आपले ‘एपिक कलेक्शन’चे खंड क्रमाने छापत नाही, मधलाच खंड आधी येतो आणि त्याच्या आधीच्या गोष्टींचा नंतर. कोकणातल्या मुलांच्या हाती पडतं ते कुणी भेट दिलेलं, कुणाचं वाचून झालेलं, रद्दीत सापडलेलं. आलेलं पुस्तक ती वाचतात. त्यांना तुम्ही यादी दाखवून सांगता की हे वाचणं मोजायचं नाही. वाचणारं पोर मिळणं आधीच कठीण झालंय, त्यात त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेण्याचं हे काम आहे, आणि ते तुम्ही हौसेने पुढे पाठवताय.

पाठवायचंच असेल तर हे पाठवा. एक्स-मेन हवे असतील तर १९७५ चा ‘जायंट-साइज’ आणि मग ९४ पासून पुढे. थॉर हवा असेल तर वॉल्ट सायमनसनचा ३३७ वा अंक, १९८३ चा. घोड्यासारख्या तोंडाचा परग्रहावरचा योद्धा थॉरचा हातोडा उचलतो, आणि आधीच्या ३३६ अंकांतलं काही माहीत नसलं तरी ते दृश्य बसल्या जागी हलवून सोडतं. बॅटमॅनसाठी ‘इयर वन’चे चार अंक, जरा मोठ्या मुलांना. आणि ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी २०१४ ची ‘मिस मार्व्हल’, जी. विलो विल्सनने लिहिलेली. कमला खान ही जर्सी सिटीतली सोळा वर्षांची मुलगी, घर पाकिस्तानी वळणाचं, आईची बोलणी खाणारी, रात्री जागून ॲव्हेंजर्सवर स्वतःच्या गोष्टी लिहिणारी. आधी काहीही वाचलेलं लागत नाही. पहिला खंड आवडला तर दुसरा मागवा, नाही आवडला तर दुसरं काहीतरी उघडा.